कान आणि कौल

बंगळुरू शहराला दोन कान आहेत, असे म्हटले तर चालेल. एक कान गाण्याचा. चामराजपेठेत १९३९ सालापासून रामनवमीचा संगीतोत्सव भरत आला आहे. मल्लेश्वरमच्या बाजूला १९८० साली बांधलेल्या चौडय्या सभागृहाची तर इमारतच व्हायोलिनच्या आकाराची आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ती उभी राहिली, त्या टी. चौडय्यांनी मागच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत सूर पोचावा म्हणून आपल्या व्हायोलिनला चारांऐवजी सात तारा चढविल्या होत्या. दुसरा कान यंत्राचा. १९४८ साली येथे दूरध्वनियंत्रे बनविणारा सरकारी कारखाना निघाला आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन झाली. या कारखान्यांत हातात सोल्डरिंगची कांडी धरून आयुष्य काढलेली माणसे शहराच्या वस्त्यावस्त्यांत आहेत. एस. पी. रोडवरच्या अरुंद दुकानांतून सुटे भाग आणून घरी अॅम्प्लिफायर जोडणारे हौशी लोक याच मातीतले.

अशा गावात एखाद्याला भारी किमतीचा ऑडिओ प्लेयर घ्यायचा झाला, तर तो एकट्याने दुकानात जात नाही. तो चार जाणकारांना विचारतो, आणि जाणकार म्हणतात, ‘‘एखाद्या रविवारी सगळे मिळून ऐकू या.’’

ऑडिओ प्लेयर म्हणजे चकतीवर किंवा संगणकाच्या स्मृतीत साठविलेले आकडे वाचून त्यांचे पुन्हा विद्युत्संदेशात रूपांतर करणारे यंत्र. अॅम्प्लिफायर त्या संदेशाला बळ देतो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. बाजारात हे यंत्र काही हजार रुपयांनाही मिळते आणि काही लाखांनाही मिळते. दोन्ही यंत्रे वाचतात ते आकडे तेच. मग लाखाच्या यंत्रात जास्तीचे काय ऐकू येते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ही बैठक असते.

समजा, बैठक भरविणारा गृहस्थ एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून मुलीचे लग्न झाले, घराची दुरुस्ती झाली, आणि जी थोडी रक्कम उरली ती आयुष्यभर मनात ठेवलेल्या एका हौशीसाठी त्याने बाजूला काढली आहे. त्याच्या कपाटात भीमसेन जोशींनी गायिलेली कन्नड दासपदे आहेत आणि त्यांचेच मराठी अभंगही आहेत. शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहरात मराठी बोलणारी घरे आहेत, आणि त्या घरांतून अशी दुभाषी कपाटे पुष्कळ आढळतात. या गृहस्थाला चूक परवडणारी नाही. श्रीमंताने चुकीचे यंत्र घेतले तर तो ते विकून दुसरे घेईल. याला उरलेले आयुष्य त्याच यंत्रासमोर बसायचे आहे, आणि प्रत्येक वेळी ‘आपण फसलो तर नाही ना’ ही शंका गाण्याच्या मागे तंबोऱ्यासारखी वाजत राहणार आहे.

रविवारी आठ माणसे जमतात. फिल्टर कॉफी होते. दोन प्लेयर एकाच अॅम्प्लिफायरला जोडलेले असतात, एक साधा आणि एक महाग. दोन्हींवर तीच ध्वनिमुद्रिका लावली जाते. पहिले यंत्र थांबते, दुसरे सुरू होते. खोलीत क्षणभर शांतता पसरते. मग ज्याला सगळे जाणकार मानतात तो मान हलवून म्हणतो, ‘‘याच्यात तंबोरा मोकळा वाटतो.’’ दुसरा म्हणतो, ‘‘हो, आणि तबल्याची शाईही स्पष्ट आहे.’’ तिसऱ्याला काहीच वेगळे ऐकू आलेले नसते. पण तो कॉफीच्या पेल्यात पाहत म्हणतो, ‘‘मलाही तसेच वाटले.’’ असे करता करता आठ मते एका बाजूला पडतात. कोकणात देवाला कौल लावतात, तेव्हा उजवीकडची पाकळी पडली की होकार समजतात आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. बैठकीचा कौलही तसाच मानला जातो, कारण आठ माणसे एकदम कशी चुकतील?

चुकतात, आणि एकाच दिशेने चुकतात. १९५१ साली सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका रेषेच्या लांबीची दुसरी रेषा तीन रेषांतून निवडायची, इतके साधे काम होते. लहान मुलालाही जमावे असे. परंतु खोलीतल्या बाकीच्या सर्वांना आधीच शिकवून ठेवले होते, आणि ते ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. एकट्या उरलेल्या खऱ्या उमेदवाराने सुमारे एक तृतीयांश वेळा आपल्या डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांचे उत्तर दिले. रेषा तर समोर दिसत असते, आवाज मात्र ऐकू येताच विरून जातो. रेषेच्या बाबतीत जे घडले ते आवाजाच्या बाबतीत किती सहज घडत असेल, याची कल्पना करता येईल. अॅशच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाकीच्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी उमेदवाराला धीर येई आणि बहुमताचा दाब एकदम ओसरे. म्हणजे बैठकीत ‘मला काही फरक वाटला नाही’ असे मोकळेपणाने म्हणणारा एक माणूस असणे फार मोलाचे असते. दुर्दैवाने त्याला पुढच्या रविवारी बोलावले जात नाही.

यंत्राची परीक्षा जमावाकडून करवून घेण्याची ही रीत नवी नाही. फोनोग्राफचा जनक थॉमस एडिसन याच्या कंपनीने १९१५ पासून दहा वर्षे अमेरिकेतल्या गावोगावी असे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका उभी राहून गाई, शेजारी यंत्र वाजत असे. मध्येच गायिका ओठ मिटून घेई आणि यंत्र तेच गाणे पुढे चालू ठेवी. काही ठिकाणी दिवे मालवीत, आणि अंधारात गायिका केव्हा निघून गेली हे श्रोत्यांना कळत नसे. असे चार हजारांच्या वर प्रयोग झाले आणि हजारो लोकांनी यंत्र व कंठ यांत भेद नाही असा निर्वाळा दिला. आज ती ध्वनिमुद्रणे ऐकली तर हसू येईल, इतका भेद आहे. अॅना केस ही या प्रयोगांतली एक गायिका. तिने पुढे वार्धक्यात सांगून टाकले, की ती आपला आवाज मुद्दाम यंत्रासारखा करून गात असे. सभागृहातल्या लोकांनी खोटे सांगितले असे नव्हे. जे ऐकण्याच्या तयारीने ते आले होते, ते त्यांना ऐकू आले.

मनाची तयारी डोळ्यांतूनही होते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस श्रोत्यांनी तेच स्पीकर दोनदा तोलले. एकदा उघड्यावर पाहून आणि एकदा पडद्याआड. पाहून ऐकताना मोठ्या, देखण्या आणि महाग स्पीकरना भरघोस गुण मिळाले. पडदा ओढल्यावर लहान आणि स्वस्त स्पीकरचे भाग्य उजळले. श्रोते अडाणी नव्हते. ते ध्वनियंत्रे बनविणाऱ्या कंपनीतच नोकरीला होते. त्यांचे कान तेच राहिले होते. डोळ्यांना यंत्र दिसेनासे होताच त्यांचे गुण बदलले.

प्लेयरच्या बाबतीत तर एक खोडी खुद्द यंत्रातच असते, आणि बहुतेक बैठकी तिथेच फसतात. सीडी प्लेयरमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाची कमाल पातळी साधारणपणे दोन व्होल्ट धरलेली आहे. परंतु सगळेच उत्पादक ती पाळत नाहीत. काही यंत्रे अडीच व्होल्टपर्यंत देतात. तेवढ्याने आवाज सुमारे दोन डेसिबलने वाढतो. फरक जर मोठा असता, तर ‘हे मोठ्याने वाजते आहे’ असे कोणीही म्हटले असते. तो लहान असतो, म्हणून कान त्याला ‘मोठा’ म्हणून ओळखत नाही. तो त्याला ‘मोकळा’, ‘भरदार’, ‘जिवंत’ अशी नावे देतो. मनुष्याच्या कानाला हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखविले आहे. म्हणून आवाज किंचित वाढला, की खर्ज आपोआप भरल्यासारखा वाटतो, आणि श्रेय यंत्राला मिळते. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. एस. पी. रोडवर काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर स्पीकरच्या तारांना लावावा, दोन्ही प्लेयरवर एकच स्थिर सूर वाजवावा आणि व्होल्टेजमधला फरक शेकडा एकच्या आत आणावा. निवृत्त तंत्रज्ञाला हे सांगण्याचीही गरज नसते. आयुष्यभर त्याने हेच केलेले असते. तरीही रविवारच्या बैठकीत मल्टिमीटर पेटीतच राहतो, कारण पाहुण्यांसमोर मोजमाप काढणे म्हणजे त्यांच्या कानांवर अविश्वास दाखविणे, असे त्याला वाटते. आपल्याकडे संकोचापायी वाया गेलेल्या पैशांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मोजमाप आणि आदर एकत्र नांदू शकतात, हे पाहायचे असेल तर याच शहरात थोडे पलीकडे जावे लागेल. १९४२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कॉफी बोर्डाचे मुख्य कार्यालय बंगळुरूत आहे आणि तेथे कॉफीची चव पाहणारी प्रयोगशाळा आहे. कोडगू आणि चिकमगळूरच्या मळ्यांतून आलेले नमुने येथे तपासले जातात. प्रत्येक नमुना मोजून भाजतात, मोजून दळतात, मोजलेल्या गरम पाण्यात मुरवतात. पेल्यावर मळ्याचे नाव नसते, केवळ सांकेतिक क्रमांक असतो. एकाच नमुन्याचे अनेक पेले मांडलेले असतात, म्हणजे एखाद्या पेल्यात खोट असेल तर ती लपत नाही. परीक्षक वरचा चोथ्याचा थर चमच्याने सारून वास घेतो, मग चमचाभर कॉफी मोठ्याने सुर्रकन ओढतो, तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. आणि महत्त्वाचे हे, की चव पाहत असताना परीक्षक आपसांत बोलत नाहीत. आधी प्रत्येक जण आपल्या कागदावर गुण लिहितो, चर्चा नंतर होते. या बोर्डाच्या गुणवत्ता विभागाची धुरा वाहिलेल्या सुनालिनी मेनन यांनी पुढे बंगळुरूतच स्वतःची चवपरीक्षेची प्रयोगशाळा काढली. या कामात जिभेला वर्षानुवर्षांचे शिक्षण द्यावे लागते आणि त्याचा रीतसर अभ्यासक्रमही आहे. एवढी काळजी घेण्याचे कारण उघड आहे. या गुणांवर मळेवाल्याला मिळणारा भाव ठरतो, आणि तो मळेवाला तर त्या खोलीत हजरही नसतो.

चव पाहणाऱ्यांची आणखी एक युक्ती ध्वनियंत्राच्या बैठकीला जशीच्या तशी उचलता येईल. तीन पेले ठेवायचे. दोन एकाच नमुन्याचे, तिसरा निराळा. निराळा कोणता, एवढेच विचारायचे. ‘चांगला कोणता’ हा प्रश्न अजून विचारायचाच नाही. ज्याला निराळा ओळखता येत नाही, त्याच्या ‘चांगला’ या शब्दाला अर्थ नाही. बैठकीत नेमका उलटा क्रम असतो. फरक आहे की नाही हे न पाहताच सगळे थोर काय आणि हीण काय यावर बोलू लागतात.

ओळखले, तरी ते योगायोगाने ओळखले की काय, हा प्रश्न राहतोच. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चहाच्या आठ पेल्यांचे उदाहरण घेतले आहे. एक बाई म्हणत असे, की पेल्यात आधी दूध घातले की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळते. चार पेले एका पद्धतीचे आणि चार दुसऱ्या पद्धतीचे ठेवले, तर केवळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. म्हणून आठही बरोबर आले, तर तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आता हेच गणित आपल्या खोलीत लावून पाहू. एका माणसाने पडद्यामागचे यंत्र दहादा ओळखण्याचा प्रयत्न केला आणि आठदा बरोबर सांगितले, तर ते मोठे वाटते. नुसते नाणे उडवूनही आठ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता शेकडा साडेपाच इतकी असते. परंतु खोलीत आठ माणसे असतील, तर त्यांतल्या निदान एकाला नुसत्या नशिबाने हे साधण्याची शक्यता शेकडा छत्तीसपर्यंत जाते, म्हणजे तीन बैठकींत एकदा तरी. तो एक माणूस मग ‘सोन्याचा कान’ म्हणून गावभर मिरवतो. जितकी माणसे जास्त, तितके असे सोन्याचे कान अधिक सापडणार. समूहाने ऐकण्यात हा एक छुपा धोका आहे आणि तो फारच थोड्यांच्या लक्षात येतो.

मोठ्या प्रमाणावर काळजीपूर्वक केलेल्या परीक्षांचे निकाल काय सांगतात? साधी सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. पुढे १९९९ साली त्याहून पुष्कळ बारीक नोंद करणारी नवी चकती निघाली. अमेरिकेत मायर आणि मोरान या दोघांनी श्रोत्यांना पडद्याआड दोन्ही दर्जांचा आवाज ऐकविला आणि २००७ साली निकाल प्रसिद्ध केला. एकूण ५५४ वेळा विचारले, त्यांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे नाणेफेकच. मात्र गाणे नसताना आवाज अतोनात वाढविला, तेव्हा सीडीची बारीक खरखर ऐकू येत होती, हेही त्यांनी नोंदविले आहे. २०१६ साली लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा अठरा प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा बावन्नच्या थोडे वर निघाले, आणि ज्यांना आधी शिकविले होते त्यांचे त्याहून अधिक. तेव्हा फरक मुळीच नाही असे म्हणता येत नाही. पण जो फरक हजारो वेळा विचारल्यावर आकड्यांत कसाबसा उमटतो, त्यासाठी निवृत्तीची पुंजी खर्चावी काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा नाही. तो ज्याच्या खिशातून पैसे जायचे त्याचा आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग समूहाने ऐकणे हा फार्सच. तसेही नाही. आणि उलट्या बाजूची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९९० च्या सुमारास स्वीडनच्या नभोवाणीने आवाज कमी जागेत साठविण्याच्या नव्या पद्धतींची कसून परीक्षा घेतली. सुमारे साठ तज्ज्ञ श्रोते, वीस हजारांहून अधिक निवाडे, सगळे पडद्याआड, सगळे शिस्तीत. निर्णय झाला. त्यानंतर बार्ट लोकांथी नावाच्या अनुभवी अभियंत्याकडे त्या ध्वनिमुद्रणाची फीत गेली. त्यांनी आपल्या खोलीत ती लावली आणि थोड्याच वेळात, सुमारे १५०० हर्ट्झच्या जागी, त्यांना एक नको असलेला सूर ऐकू आला. साठ जणांनी तो ऐकला नव्हता. आणि त्यांना तो दाखवून दिल्यावर मात्र तो ऐकू येऊ लागला. पडदा आणि कागद यांमुळे खोटे फरक गळून पडतात, परंतु ज्याच्याकडे कोणाचे लक्षच गेलेले नाही असा खरा फरक त्यांना सापडेलच असे नाही. त्यासाठी कोणी तरी बोट दाखवावे लागते. चार जाणकार जमण्याचा खरा उपयोग येथे आहे. खर्जात घरघर कोठे येते, अमुक ताराशहनाईत सूर कोठे चिरकतो, हे अनुभवी कानाने एकदा दाखविले की शिकाऊ कान ते पुढे स्वतः हुडकतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांच्या संस्थेने भरविलेल्या श्रवणबैठकीही अशाच शिकविणाऱ्या आहेत. फरक इतकाच, की तेथे तबकडीवरचे गाणे ऐकायला लोक येतात. तबकडी कोणत्या यंत्रावर फिरते आहे, याची चौकशी क्वचितच होते.

बैठकीतून कळण्याजोग्या आणखी कितीतरी साध्या गोष्टी असतात, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. यंत्र तासाभरात किती तापते, चकती वाचताना अडखळते काय, बटणांवरची अक्षरे साठीच्या डोळ्यांना दिसतात काय, बिघडल्यावर ते दुरुस्त करणारा माणूस याच गावात आहे की परदेशी पाठवावे लागते, या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी ती यंत्रे वापरली आहेत तेच देऊ शकतात. येथे आठ जणांचा शब्द खरोखर आठ जणांचा असतो. ‘तंबोरा मोकळा’ या विषयावर तो तसा नसतो.

कारण आठ जणांचे कान आठ प्रकारचे असतात. तरुण कानाला सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वयाबरोबर वरची मर्यादा खाली येते. जो माणूस तीस वर्षे कारखान्याच्या गडगडाटात उभा राहिला, त्याच्या कानात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास एक खळगा पडलेला असतो, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. घरात बायको म्हणते, ‘‘अहो, दाराची घंटा वाजली,’’ तेव्हा तो म्हणतो, ‘‘केव्हा?’’ अशा माणसाच्या घरी पंचविशीतला संगणक अभियंता येऊन झांजेच्या झणत्काराची स्तुती करतो आणि महागडे यंत्र घ्यायला लावतो. अभियंता खोटे बोलत नाही. त्याला तो झणत्कार ऐकू येतो. यंत्र मात्र दुसऱ्याच्या कानांसाठी घ्यायचे आहे. बंगळुरूपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर मैसूरला वाचा आणि श्रवण या विषयांची राष्ट्रीय संस्था आहे, आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतही कानाची तपासणी होते. तिचा आलेख एका कागदावर मावतो. प्लेयर पाहण्याआधी तो कागद पाहावा, असे कोणताही दुकानदार सुचवीत नाही.

पुन्हा, आठ माणसे एका खोलीत बसली की दोन स्पीकरांच्या बरोबर मधली जागा एकालाच मिळते. बाकीचे कोणी भिंतीशी, कोणी दाराशी. भिंतीजवळ खर्ज फुगतो, कोपऱ्यात तो आणखी फुगतो. तेव्हा एकच यंत्र आठ जण आठ प्रकारे ऐकतात आणि मग एकच मत देतात, हे एक आश्चर्यच आहे.

म्हणून त्या गृहस्थाने पाहुण्यांचे ऐकावे, कॉफी पाजावी, त्यांनी दाखविलेल्या खोटी लिहून घ्याव्यात आणि मग दुकानदाराकडून दोन्ही यंत्रे आठवडाभर घरी मागून आणावीत. आवाजाची पातळी मल्टिमीटरने जुळवावी. पडद्यामागे नातीला बसवावे. तिने नाणे उडवून कोणते यंत्र लावायचे ते ठरवावे आणि आपल्या वहीत लिहून ठेवावे. आजोबांनी मधल्या खुर्चीत बसून आपल्या कागदावर लिहावे. तुकडे लहान असावेत, कारण आवाजाची अगदी बारीक आठवण कानात काही सेकंदच टिकते. एका दिवशी दहा वेळा पुरे, थकलेला कान सगळेच सारखे सांगतो. कागदावर दोन रकाने आखण्याची पद्धत आहे, पहिले यंत्र आणि दुसरे यंत्र. तिसराही आखावा, ‘कळत नाही’ असा, आणि तो भरताना लाजू नये. आठवड्याअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवून मोजावे. तिसरा रकानाच भरला असेल, तर स्वस्त प्लेयर घ्यावा आणि उरलेले पैसे स्पीकरकडे वळवावेत. दोन प्लेयरांत जो फरक शोधून सापडत नाही, तो दोन स्पीकरांत दारातूनच ऐकू येतो. आणि तरीही काही रक्कम उरली, तर खोलीत एक जाड सतरंजी आणि खिडकीला जड पडदा. उघड्या फरशीवर आणि कोऱ्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कोणत्याही प्लेयरला आवरता येत नाही.